लाचखात्याचं सॉफ्टवेअर

कुठलीही सिस्टीम बांधायला घेतली की आम्ही सॉफ्टवेअरवाले आधी दोन-चार ठरलेले प्रश्न विचारतो. वापरणार कोण? कोणाला काय दिसायला हवं आणि काय दिसता कामा नये? मंजुरी कोण देणार? महिनाअखेरीस हिशेब जुळला नाही तर चूक कुठे शोधायची? पगाराची सिस्टीम असो, गोडाऊनची असो की बँकेची, प्रश्न तेच. आता समजा, हेच प्रश्न कोणीतरी लाच वाटण्यासाठी विचारले. त्यांची व्यवस्थित उत्तरं काढली, युजरनेम-पासवर्ड वाटले, सर्व्हर परदेशात ठेवला, आणि काही वर्षं सगळं सुरळीत चालवलं. थट्टा नाही हो. ब्राझीलमध्ये हे खरोखर घडलं. कंपनीचं नाव ओडेब्रेक्ट, आणि सॉफ्टवेअर एक नव्हे, दोन होती.

भ्रष्टाचार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पाकीट येतं. टेबलाखालून सरकवलेलं, दिवाळीच्या मिठाईखाली ठेवलेलं, नाहीतर 'साहेबांचं काय ते बघा' असं म्हणून मागितलेलं. या चित्रात भ्रष्टाचार म्हणजे कोणा एका माणसाचं घसरणं. माणूस बदलला की प्रश्न सुटला! पण सरकारी खरेदीतला मोठा भ्रष्टाचार असा नसतोच. त्याला खातं लागतं, कारकून लागतात, बजेट लागतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चोख हिशेब लागतो. ओडेब्रेक्टची गोष्ट मला म्हणूनच सांगावीशी वाटते. इथे हा सगळा कारखाना आतून बघायला मिळतो.

तर सुरुवातीपासून. नॉर्बेर्तो ओडेब्रेक्ट या तरुण इंजिनिअरनं १९४४ साली ब्राझीलच्या बाइया राज्यात, साल्वादोर शहरात ही बांधकाम कंपनी काढली. वडिलांचा बांधकामाचा धंदा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बसला होता, त्याच्या राखेतून ही उभी राहिली. १९५३ साली ब्राझीलनं पेट्रोब्रास ही सरकारी तेल कंपनी स्थापन केली आणि ओडेब्रेक्टला तिची कामं मिळायला लागली. १९६४ साली लष्करानं सत्ता घेतली. लष्करशहांना मोठे प्रकल्प फार प्रिय. रस्ते, धरणं, विमानतळ, अणुवीज केंद्र, काय वाटेल ते. त्यात १९६९ साली एक फर्मान निघालं, की सार्वजनिक बांधकामाची कामं देशी कंपन्यांनाच द्यायची. परदेशी स्पर्धा गेली, बातम्या छापायला वृत्तपत्रं मोकळी नाहीत, संसद नावापुरती. अशा उबदार हवेत देशी बांधकाम कंपन्या झपाट्यानं फुगल्या. रिओ शहरातली पेट्रोब्रासच्या मुख्यालयाची इमारत ओडेब्रेक्टनं बांधली, तिथला गालेआंव विमानतळ बांधला, आंग्राच्या अणुवीज केंद्राचं काम केलं. १९७९ साली पेरूत जलविद्युत प्रकल्प घेऊन कंपनी देशाबाहेर पडली, मग अंगोलात गेली.

एक गोष्ट मान्य करायला हवी. हे लोक कामाला पक्के होते. धरण म्हणजे धरण, पूल म्हणजे पूल. पोकळ कंपनी काढून पैसे लाटण्यातली ही मंडळी नव्हेत. 'काम चांगलं करतात ना, मग थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडलं' हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. तेव्हा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९८५ साली लष्करी राजवट संपली. निवडणुका आल्या, आणि निवडणुकांबरोबर खर्च आला. ब्राझीलची संसद म्हणजे डझनावारी पक्षांचा बाजार. राष्ट्राध्यक्ष थेट निवडून येतो, पण त्याच्या पक्षाला संसदेत बहुमत जवळपास कधीच नसतं. मग मोट बांधायची. मोट बांधायला काहीतरी द्यावं लागतं. मंत्रिपदं तर आलीच, पण त्याहून रसाळ म्हणजे सरकारी कंपन्यांतली संचालकपदं. पेट्रोब्रासचा एखादा संचालक अमुक पक्षाच्या शिफारशीचा, दुसरा तमुक पक्षाच्या. पक्षाला पेट्रोब्रासच्या संचालकपदात एवढा रस का असावा? तेलशुद्धीकरणाच्या रसायनशास्त्राची आवड म्हणून नक्कीच नव्हे! तो संचालक अब्जावधींची कंत्राटं देतो म्हणून.

आता टेंडरची गंमत बघा, कारण सगळी मेख तिथेच आहे. सरकारी खरेदीसाठी ब्राझीलनं १९९३ साली चांगला कडक कायदा केला होता. पण तेलाच्या धंद्यात स्पर्धा करायची तर असल्या कागदी घोड्यांनी चालणार नाही, असं म्हणून १९९८ साली एक वेगळं फर्मान काढून पेट्रोब्रासला सोपी पद्धत दिली गेली. कंपनी काही निवडक ठेकेदारांना आमंत्रण पाठवणार आणि त्यांच्यातूनच दर मागवणार. हेतू वेगाचा होता, आणि तो वाईट म्हणता येणार नाही. पण आमंत्रणांची यादी ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं आलं.

दुसरी मेख एस्टिमेटची. पेट्रोब्रासचे लोक प्रत्येक कामाचा अंदाज काढत आणि त्याच्या १५ टक्के खाली ते २० टक्के वर एवढ्या पट्ट्यातला दर मान्य करता येई. आपल्याकडच्या कंत्राटदारांच्या भाषेत सांगायचं तर १५ टक्के 'बिलो' ते २० टक्के 'अबव्ह'. खरी स्पर्धा असेल तर दर खालच्या टोकाला सरकायला हवेत. पण ठेकेदार कंपन्यांनी आपसात एक 'क्लब' बनवला होता. आपल्याकडे याला रिंग करणं म्हणतात. क्लबात १६ कंपन्या. पुढचं काम कोणाचं, हे बैठकीत ठरायचं आणि बाकीचे दिखाऊ चढे दर भरायचे. तपासात सापडलेल्या एका कागदावर या क्लबाचे नियम क्रीडास्पर्धेच्या नियमांच्या थाटात लिहिलेले होते. दुसऱ्या एका कागदात कामांची वाटणी चक्क 'बिंगो' या नावाखाली मांडलेली होती. स्पर्धाच नाही म्हटल्यावर दर कुठल्या टोकाला चिकटणार? वरच्या. एस्टिमेट आणि वीस टक्के अबव्ह यांच्यामध्ये जी जागा उरते, त्या जागेत लाच राहते. लाच ठेकेदार आपल्या नफ्यातून देत नाही, ती कामाच्या किमतीतच घातलेली असते. म्हणजे देतो कोण? ज्याचं सरकार आहे तो.

लाचेचा दरही ठरलेला होता, कंत्राटाच्या रकमेच्या एक ते तीन टक्के. हा आकडा वाचून आपल्यापैकी कोणाला धक्का बसेल असं वाटत नाही. आपल्याकडे संथानम समितीनं १९६४ सालच्या अहवालात नोंदवून ठेवलंय, की बांधकाम खात्याच्या कामांत सात ते अकरा टक्के द्यायची रीत असल्याचं साक्षीदार सांगतात आणि ते पैसे अधिकाऱ्यांमध्ये ठरलेल्या प्रमाणात वाटले जातात. त्याच समितीच्या शिफारशीवरून आपला केंद्रीय दक्षता आयोग आला. टक्केवारी हा शब्द मराठीत जितक्या सहज उच्चारला जातो, तितक्याच सहज तो पोर्तुगीजमध्येही उच्चारला जात असणार. दर ठरलेला असणं हेच मुळी व्यवस्था रुळल्याचं लक्षण. घासाघीस नवख्या बाजारात होते. मुरलेल्या बाजारात भाव ठरलेला असतो.

आणि तीन टक्के म्हणजे फक्त तीन टक्क्यांचं नुकसान, असं समजू नका. पेर्नांबुको राज्यातल्या आब्रेउ ए लिमा या तेलशुद्धीकरण कारखान्याचा सुरुवातीचा अंदाज अडीच अब्ज डॉलर्सच्या आसपास होता. खर्च गेला १८ अब्जांच्या वर, आणि २०१४ च्या अखेरीस सुरू झाला तो ठरवलेल्या क्षमतेच्या निम्मा. एवढी सगळी वाढ लाचेचीच नव्हती. चुकीचं नियोजन होतं, घाई होती, डिझाईन बदलत होतं. पण लाच काय करते, तर या सगळ्याला 'थांबा' म्हणणारा माणूस जागेवरून काढते. ज्यानं एस्टिमेट तपासायचं, त्याचाच त्यात टक्का असेल तर वाढीव बिलाला हरकत कोण घेणार? तीन टक्क्यांत ठेकेदार काम विकत घेतो असं वरवर दिसतं. प्रत्यक्षात तो पहारेकऱ्याची झोप विकत घेतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ओडेब्रेक्ट वाढत गेली, अनेक देशांत पसरली, तशी लाचही वाढली. आधीच्या काळात हे पैसे ढिल्या पद्धतीनं जायचे. २००६ च्या सुमारास कंपनीनं त्यासाठी स्वतंत्र विभागच काढला. नाव काय, तर 'स्ट्रक्चर्ड ऑपरेशन्स विभाग'. कुठल्याही ऑफिसच्या पाटीवर शोभेल असं, काहीही न सांगणारं नाव! या विभागाच्या प्रमुखानं नंतर दिलेल्या साक्षीनुसार २००६ ते २०१४ या काळात तिथून तीन अब्ज डॉलर्सहून जास्त रक्कम गेली. सगळीच लाच नव्हे. निवडणुकीतला काळा पैसा आणि असलेच इतर व्यवहारही त्यात आले.

विभागाची दोन सॉफ्टवेअर होती. एकाचं नाव मायवेबडे. त्यात पैसे देण्याच्या मागण्या नोंदवायच्या, त्या पुढे सरकवायच्या, आणि चोरबजेटचे तक्ते काढायचे. म्हणजे आपल्याकडच्या व्हाउचर एंट्रीसारखंच. दुसऱ्याचं नाव ड्राउसिस. हे निरोपांसाठी. आतली माणसं आणि बाहेरचे पैसे फिरवणारे दलाल इथे सांकेतिक नावांनी आणि पासवर्डनं बोलायचे, म्हणजे कंपनीच्या नेहमीच्या ईमेलवर काही उरायला नको. पैसे घेणाऱ्यांना टोपणनावं असत. कोणी 'खेकडा', कोणी 'इटालियन'. रोख रकमेला शब्द होता 'आकाराजे'. हा बाइयामधला रस्त्यावर मिळणारा, चवळीच्या पिठाचा, पामतेलात तळलेला वडा. थोडक्यात, 'साहेबांना वडे पोचवा'!

पैसे थेट जात नसत. परदेशी खात्यांचे चार-चार थर करून, या कंपनीतून त्या कंपनीत असे ते फिरत. हळूहळू एवढी रक्कम झाली की बँका प्रश्न विचारायला लागल्या. मग विभागाच्या माणसांनी काय करावं? ऑस्ट्रियातल्या एका बँकेची कॅरिबियन बेटांतल्या अँटिग्वामधली शाखा होती, तिच्यातला मोठा हिस्साच विकत घेण्यात आला. बँक अडवते ना, मग बँकच घ्या. इंजिनिअरचा खाक्या.

आता कोणीही विचारेल, की लाच देणारे एवढा हिशेब ठेवतात कशाला? पुरावा स्वतःच्या हातानं लिहून ठेवण्यासारखंच नाही का हे? हा प्रश्न मला या सगळ्या गोष्टीतला सर्वात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर कुठल्याही अकाउंटंटला चटकन सुचेल. समजा, तुम्ही मंत्र्याला द्यायला आपल्या माणसाकडे वीस लाख दिले. त्यानं वीसच दिले की पंधरा देऊन पाच खिशात घातले, हे कळणार कसं? मंत्र्याकडून पावती मागता येत नाही. उद्या मंत्र्याचा माणूस म्हणाला, 'गेल्या महिन्याचं आलंच नाही', तर खरं-खोटं कशावरून ठरवायचं? कोर्टात तर जाता येत नाही. आणि खर्च कुठल्या प्रकल्पावर टाकायचा? त्या त्या प्रकल्पाच्या प्रमुखाचा बोनस नफ्यावर ठरतो, त्यामुळे तो म्हणणार, दुसऱ्याच्या लाचेचा बोजा माझ्या धरणावर नको. म्हणून मागणी करणारा वेगळा, मंजुरी देणारा वेगळा, पैसे सोडणारा वेगळा. बँकेत जी मेकर-चेकर पद्धत असते, अगदी तीच. चोरीच्या धंद्यात कायदा मदतीला येत नाही म्हणून तिथे वही जास्तच चोख ठेवावी लागते. बेइमानीच्या मोठ्या कारभाराला आतून इमानदारी लागते, आणि या इमानदारीची वही हाच त्याचा सगळ्यात नाजूक भाग असतो.

ही वही बाहेर कशी आली? दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. जून २०१३ मध्ये ब्राझीलभर लाखो लोक रस्त्यावर उतरले. बस भाडेवाढीचं निमित्त होतं, पण राग सगळ्याचाच होता. ऑगस्टमध्ये दोन नवे कायदे झाले. एकानं लाच देणाऱ्या कंपनीवर कारवाईची सोय केली. दुसऱ्यानं संघटित गुन्ह्यांत शिक्षेतल्या सवलतीच्या बदल्यात साथीदारांची माहिती देण्याची पद्धत नीट घालून दिली. मग १७ मार्च २०१४ ला ब्राझिलियातल्या एका पेट्रोल पंपावरून चालणाऱ्या हवालासारख्या धंद्यावर छापे पडले. तपासाला नाव पडलं 'लावा जातो', म्हणजे मोटारी धुण्याचं केंद्र. त्यात पकडलेला दलाल अल्बेर्तो युसेफ, आणि त्यानं एक रेंज रोव्हर मोटार घेऊन दिलेली, पाउलो रोबेर्तो कोस्ता या गृहस्थांना. हे कोस्ता २००४ ते २०१२ पेट्रोब्रासच्या शुद्धीकरण कारभाराचे संचालक होते. एका मोटारीच्या बिलावरून तपास पेट्रोब्रासमध्ये शिरला.

कोस्तांनी तोंड उघडलं. मग इतरांनी उघडलं. पेद्रो बारुस्को नावाच्या पेट्रोब्रासच्या एका मॅनेजरनं सुमारे ९ कोटी ७० लाख डॉलर्स परत करायचं कबूल केलं. संचालकही नव्हता हो तो, मॅनेजर! एप्रिल २०१५ मध्ये पेट्रोब्रासनं आपल्या हिशेबात भ्रष्टाचारापोटी ६.२ अब्ज रेआल बुडीत दाखवले. जून २०१५ मध्ये संस्थापकाचा नातू आणि कंपनीचा प्रमुख मार्सेलो ओडेब्रेक्ट याला अटक झाली. मार्च २०१६ मध्ये त्याला १९ वर्षं ४ महिन्यांची शिक्षा ठोठावण्यात आली.

पण वही उघडली ती विभागातल्या एका सेक्रेटरीमुळे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला अटक झाली, तिच्याकडे तक्ते सापडले, आणि तिनं सगळी पद्धत सांगून टाकली. मायवेबडेमध्ये शिरायला लागणाऱ्या किल्ल्या, म्हणजे एन्क्रिप्शनची उपकरणं, कंपनीच्या माणसांनी त्याआधी महिनाभर नष्ट केली होती. ड्राउसिसचे सर्व्हर मात्र स्वित्झर्लंडमध्ये होते आणि ते स्विस तपासयंत्रणेच्या हाती लागले. कंपनीनं शेवटी शरणागती पत्करली. २१ डिसेंबर २०१६ ला अमेरिकेच्या कोर्टात गुन्हा कबूल केला. (ब्राझीलच्या कंपनीचा अमेरिकेशी काय संबंध? काही पैसे न्यूयॉर्कच्या बँकांतून गेले होते, आणि परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धचा कायदा अमेरिकेनं १९७७ सालीच केलेला आहे.) कबुलीतला आकडा असा होता. १२ देश, १०० हून अधिक प्रकल्प, ७८ कोटी ८० लाख डॉलर्सची लाच. त्यातली ३४ कोटी ९० लाख ब्राझीलमध्ये, बाकी व्हेनेझुएला, डॉमिनिकन प्रजासत्ताक, पनामा, अंगोला, पेरू, मोझांबिक वगैरे. दंड भरायचा ठरला २.६ अब्ज डॉलर्स, ब्राझील, अमेरिका आणि स्वित्झर्लंड मिळून. कंपनीच्या ७७ अधिकाऱ्यांनी जबाब दिले.

यानंतर लॅटिन अमेरिकेत जी पडझड झाली तिला तोड नाही. पेरूचंच बघा. माजी राष्ट्राध्यक्ष तोलेदो यांना २०२४ मध्ये वीस वर्षं सहा महिन्यांची शिक्षा. माजी राष्ट्राध्यक्ष उमाला यांना २०२५ मध्ये १५ वर्षं. राष्ट्राध्यक्ष कुचिन्स्की यांचा मार्च २०१८ मध्ये राजीनामा. आणि दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेले आलान गार्सिया यांनी, १७ एप्रिल २०१९ ला पोलीस दारात आल्यावर, स्वतःवर गोळी झाडून घेतली. एक्वादोरच्या उपराष्ट्राध्यक्षांना २०१७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. सगळं एका बांधकाम कंपनीच्या वहीतून.

गोष्ट इथे संपली असती तर 'सत्यमेव जयते' म्हणून मीही मोकळा झालो असतो. पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

या तपासाचा चेहरा बनले न्यायाधीश सेर्जिओ मोरो. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. माजी राष्ट्राध्यक्ष लुला यांना त्यांनी जुलै २०१७ मध्ये शिक्षा सुनावली. (प्रकरण दुसऱ्या एका बांधकाम कंपनीशी संबंधित होतं.) लुला एप्रिल २०१८ मध्ये तुरुंगात गेले आणि त्या वर्षीची निवडणूक लढवू शकले नाहीत. निवडणूक बोल्सोनारो जिंकले. आणि जानेवारी २०१९ मध्ये मोरो त्यांचे कायदामंत्री झाले! ज्यानं एका खेळाडूला मैदानाबाहेर काढलं, तोच पंच जिंकलेल्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये. जून २०१९ मध्ये टेलिग्रामवरचे निरोप प्रसिद्ध झाले, त्यांत न्यायाधीश सरकारी वकिलांना खटला कसा चालवावा याबद्दल सूचना देताना दिसत होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लुलांच्या शिक्षा रद्द केल्या आणि मोरो पक्षपाती होते असा निर्णय दिला. २०२२ ची निवडणूक लुला जिंकले.

सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तोफोली यांनी ओडेब्रेक्टच्या समझोत्यातून मिळालेला पुरावा, म्हणजेच ड्राउसिस आणि मायवेबडे यांतला मजकूर, वापरण्याजोगा नाही असं ठरवलं. मे २०२४ मध्ये त्यांनीच मार्सेलो ओडेब्रेक्टविरुद्धची त्या तपासातली सगळी न्यायालयीन कारवाई रद्द केली, त्याचा कबुलीचा करार मात्र शाबूत ठेवून. कारण? तो पुरावा देशात अधिकृत मार्गानं आणला गेला होता का, आणि वाटेत तो कोणाकोणाच्या हातांतून गेला, हे नीट सिद्ध होत नाही.

इथे माझ्यासारख्याला थांबून विचार करावा लागतो. डिजिटल पुरावा म्हणजे शेवटी फाईल. फाईलला हस्ताक्षर नसतं, शाईचं वय नसतं. ती बदललेली नाही याची खात्री फाईलमधून मिळत नाही, पद्धतीतून मिळते. प्रत कोणी घेतली, कधी घेतली, तेव्हा तिचा हॅश किती होता, पुढे कोणाला दिली, त्याची सही कुठे आहे. ही साखळी एका जागी तुटली की मजकूर शब्दन् शब्द खरा असला तरी आरोपीचा वकील विचारू शकतो, 'हे तुम्हीच लिहिलं नाही कशावरून?' आणि तो प्रश्न रास्त असतो. लाच देणाऱ्यांनी आपल्या वहीची जेवढी शिस्त पाळली, तेवढी शिस्त वही जप्त करणाऱ्यांनाही पाळावी लागते. त्यांना तर जास्तच, कारण त्यांच्या हातात लोकांना तुरुंगात टाकायचं बळ आहे.

लावा जातोच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, एवढ्या बलाढ्य लोकांशी लढताना थोडं इकडेतिकडे होणारच. ओळखीचं वाटतं का हे वाक्य? 'काम चांगलं करतात ना, मग थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडलं!' ठेकेदारांचं समर्थन आणि तपास करणाऱ्यांचं समर्थन एकाच साच्यातलं निघालं. दोन्हीकडे बिघडलं ते सारखंच. धरण उभं राहिलं, पण भरवसा गेला. शिक्षा झाल्या, पण टिकल्या नाहीत.

विरोधक वेगळं म्हणतात. तपासानं देशाचा बांधकाम उद्योगच मारला. त्यातही तथ्य आहे. ओडेब्रेक्ट समूहात एके काळी एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास लोक कामाला होते. जून २०१९ मध्ये समूहानं ९८.५ अब्ज रेआलच्या कर्जापायी कोर्टात संरक्षण मागितलं, तेव्हा ४८ हजार उरले होते. २०२० च्या अखेरीस नावही बदलून नोव्होनोर केलं. गवंड्याला, वेल्डरला, क्रेन चालवणाऱ्याला त्या दोन सॉफ्टवेअरची नावंसुद्धा माहीत नसतील. पण म्हणून वही उघडायलाच नको होती, हे मला पटत नाही. जर्मनीच्या सीमेन्सनं लाचेच्या प्रकरणात २००८ साली अमेरिका आणि जर्मनीत मिळून सुमारे १.६ अब्ज डॉलर्स भरले, वरची माणसं बदलली, आणि कंपनी पुढे चालू राहिली. माणसांना शिक्षा आणि कारखान्याला जीवदान हे जमू शकतं. अवघड आहे, पण जमू शकतं.

मग या सगळ्यातून टिकलं काय? ज्याची कोणी मिरवणूक काढली नाही, ते टिकलं. सप्टेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपन्यांनी निवडणुकीला देणग्या देण्यावर बंदी घातली. जून २०१६ मध्ये सरकारी कंपन्यांसाठी नवा कायदा झाला. त्यानं १९९८ च्या आमंत्रण पद्धतीची जागा घेतली आणि पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना थेट सरकारी कंपन्यांच्या वरच्या खुर्चीत बसवण्यावर अटी घातल्या. राजकारण्यांना तो किती टोचला, हे पुढे दिसलं. २०२३ मध्ये त्या अटी एका न्यायमूर्तींच्या आदेशानं स्थगित झाल्या, आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या वैध ठरवल्या. (मधल्या काळात ज्यांची वर्णी लागली होती त्यांना मात्र हात लावला नाही. ब्राझील काय आणि आपण काय!)

आपल्याला भ्रष्टाचाराविरुद्ध नायक हवा असतो. घोड्यावरून येणारा, सगळ्यांना आत टाकणारा. ब्राझीललाही तो मिळाला होता, आणि तो मंत्री झाला. याउलट १९९८ ची ती सोपी पद्धत, ते वीस टक्के अबव्ह, ती आमंत्रणांची यादी, संचालकाची शिफारस करणारा पक्ष, हे सगळं कंटाळवाणं आहे. त्यावर सिनेमा निघत नाही. पण लाचेला राहायला जागा तिथेच मिळाली होती, आणि ती जागा बुजवल्याशिवाय कितीही माणसं आत टाकली तरी नवी माणसं नवं सॉफ्टवेअर लिहितील. पुढच्या वेळी कदाचित जास्त चांगलं लिहितील.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या पुलाच्या टेंडरची बातमी वाचाल, तेव्हा पाकीट कोणी घेतलं हे जरूर विचारा. पण त्याआधी हे विचारा, की टेंडर भरले किती जणांनी, दर एस्टिमेटच्या किती अबव्ह गेला, आणि तो मंजूर करणाऱ्याला त्या खुर्चीत कोणी बसवलं. पाकिटाचा शोध पोलिसांना लागला तर लागेल. या तीन प्रश्नांची उत्तरं मात्र बहुतेक वेळा कागदावरच असतात.